घट्टकाकांनी पसंत केलेली मशीन

घट्टकाका दुकानाच्या काचेबाहेर दिसले की माझ्या कपाळावर आठी चढायची. आमचं दुकान फ्रीज, वॉशिंग मशीन आणि शेगड्यांचं. विकायला आम्ही तिघं, त्यात बाई मी एकटी आणि सगळ्यांत जुनीही मीच. एखादं जोडपं तासभर घोळ घालून शेवटी एका फ्रीजपाशी थांबलेलं असायचं, मी बुकिंगचा फॉर्म पुढे ओढलेला असायचा, आणि नेमके तेव्हाच त्या जोडप्याने बोलावलेले घट्टकाका आत यायचे. ते फ्रीजचं दार उघडत, खिशातून कागदाची एक पट्टी काढत, ती मध्ये धरून दार लावत आणि पट्टी ओढून बघत. पट्टी सुळकन निघाली की जोडप्याकडे वळून एवढंच म्हणत, "सैल आहे." संपलं. माझी तासाभराची बडबड वाया.

काकांचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान मागच्या गल्लीत होतं. बुटके, गोल, खिशात कायम दोन पेचकस. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या बिघडलेल्या मशीनी उघडल्या होत्या, त्यामुळे नवी मशीन विकत घेताना ती पुढे कुठे दगा देईल हे त्यांना आधीच दिसायचं. आमच्या भागातले लोक घर बदलताना बायकोला विचारायचे नाहीत, पण फ्रीज बदलताना काकांना विचारायचे.

वॉशिंग मशीनची तपासणी तर बघण्यासारखी. आधी मशीन कोपऱ्याला धरून गदागदा हलवायची. मग आतल्या ड्रमला हाताने धक्का द्यायचा आणि तो किती झोके घेऊन थांबतो ते मोजायचं. मग गुडघ्यावर बसून मागचा पाइप ओढायचा. शेवटी माझ्याकडे मोर्चा वळायचा. "पंप बिघडला तर सुटा मिळतो का? किती दिवसांत? आणि ही एवढी बटणं कशाला? विमान चालवायचंय का?"

"काका, लोकांना आवडतात."

"लोकांना आवडतात, पण बिघडल्यावर लोक माझ्याकडे येतात." मग ते दार उघडून धाडकन लावत आणि गिऱ्हाइकाला शिकवत, "दार कसं हवं? घट्ट. पाइप कसा हवा? घट्ट. बटण फिरवताना कसं लागलं पाहिजे?"

"घट्ट," मीच मागून म्हणायची. त्यांना हे नाव पडलं ते असं, आणि पाडलं कुणी ते मी सांगत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. त्यांनी पसंत केलेल्या मशीनची तक्रार घेऊन अकरा वर्षांत एकही माणूस दुकानात आला नाही. कुणाकडून त्यांनी या कामाचं काही घेतलंही नाही. चहा तेवढा प्यायचे, तोही कपाचा कान हलवून बघितल्यावर. माझा त्यांच्यावर राग होता आणि विश्वासही होता, आणि त्या दोन्ही गोष्टी माझ्यात सुखाने नांदत होत्या.

तर असे हे घट्टकाका एका सकाळी स्वतःच्या ताईला घेऊन आले. ताई त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, सडपातळ, पांढरे केस नीट मागे बांधलेले. ऐन उकाड्यात त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता आणि दोन्ही हात त्याच्या खिशात होते. मी त्यांना मावशी म्हणू लागले. मावशी आयुष्यभर एका कचेरीत टाइपिस्ट होत्या. "मिनिटाला साठ शब्द! साहेब बोलायचा थकायचा, ही थकायची नाही," काका मला सांगत होते. एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून एकाच गोष्टीचं ऐकलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे रबराचं नवं बूच.

खरेदीचं कारणही त्यांनीच सांगितलं. मावशींचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या त्या तळमजल्यावरच्या घरात एकट्या राहत होत्या. मुलगा दुसऱ्या शहरात. तो म्हणत होता, आई, आता माझ्याकडे चल. आई म्हणत होती, मला जमतंय. शेवटी मायलेकांत ठरलं की पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला मुलगा येणार, दोन दिवस राहणार आणि डोळ्यांनी बघणार. जमत असेल तर राहा. नसेल तर घराला कुलूप लावून चल.

"जुना फ्रीज आणि जुनी मशीन दोन्ही म्हातारी झालीत," काका म्हणाले. "नवी घट्ट वस्तू घरात आली की भाच्याचं तोंड बंद."

चार दुकानं पालथी घालून झाल्यावर त्यांनी आमच्याकडची सगळ्यांत दणकट मशीन निवडली. पुढून कपडे टाकायची, वजनाला भारी, बटण मोजून एक. फ्रीजही तसाच, कागदाची पट्टी फाटेल पण निघणार नाही असा. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही एकदा दार उघडून बघा ना."

"ती काय बघणार? मी आहे ना!" काकांनी स्वतःच दार ओढून दाखवलं. मावशी हसल्या. हात खिशातच होते. मी पुन्हा विचारलं नाही. एका फेरीत दोन मोठ्या वस्तू विकल्या जात होत्या आणि माझं लक्ष तिकडे होतं, हे मी आज लपवणार नाही.

तीन आठवड्यांनी हमीपत्राच्या फाइली लावताना दिसलं की मावशींच्या कागदावर सही राहिली आहे. फोन केला. "मशीन कशी चालते?" "छान हो! अगदी घट्ट आहे." "मग मी येऊन सही घेऊन जाते." पलीकडून आधी, "कशाला उन्हात?" मग, "बरं. या."

घर टापटीप होतं. पण स्वयंपाकघरामागच्या छोट्या अंगणात गेले आणि थबकले. दोरीवर चादर होती आणि तिच्यातून पाणी धो धो गळत होतं. न पिळलेली चादर. खाली फरशीभर पाणी, आणि भिंतीशी एक मोठा टब, त्यात साबणाचा फेस आणि बुडालेले टॉवेल. टबापासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे.

मी सरळ मशीनपाशी गेले आणि दार उघडलं. आत ड्रममध्ये, आम्ही नव्या मशीनबरोबर देतो ती पावडरीची पुडी, कोरी करकरीत. एकदाही मशीन चालली नव्हती.

"मावशी, हे काय?"

त्यांनी हात खिशातून काढले. बोटं सांध्यांपाशी सुजून वाकडी झाली होती, अंगठा तळव्याकडे वळलेला. "दाराच्या खाचेत बोटं घालून ओढावं लागतं ना, ते होत नाही. आणि ते बटण दाबून फिरवायचं, तेही नाही. फ्रीज एकदा लावला की मला उघडतच नाही. दूध सकाळी शेजारीण काढून देते. कपडे मी पायांनी तुडवते. पाय अजून चांगले आहेत हो माझे."

"ओल्या फरशीवरून घसरलात म्हणजे? आणि काकांना का नाही सांगितलं?"

"अगं, किती कौतुकाने आणली त्याने! आणि त्याला बोटांचं कळलं की तो माझ्या मुलाच्या बाजूचा होणार. आता एकटा तोच माझ्या बाजूचा आहे." मग त्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सून चांगली आहे माझी. नातवंडं गोड आहेत. पण तिथे मी पाहुणी. चमचा कुठे ठेवायचा तेही विचारून ठेवावं लागतं. इथे एक्केचाळीस वर्षं चमचा मी ठेवते तिथे असतो."

हमीपत्रावर त्यांनी मुठीत पेन धरून सही केली. मिनिटाला साठ शब्दांच्या त्या हाताला आपलं नाव लिहायला मिनिटभर लागलं. आणि मला बजावलं, "त्याला काही बोलायचं नाही."

माझं तोंड फटकळ आहे आणि पोटात काही राहत नाही. पंधरा तारखेला नऊ दिवस उरले होते. मी मावशींच्या घरून निघाले ती तडक मागच्या गल्लीत.

काका एका मोटरला तेल देत होते. मी म्हटलं, "काका, मावशींची मशीन बंद आहे."

"बिघडली? शक्यच नाही."

"बिघडली नाही. उघडलीच नाही. त्यांना दार ओढता येत नाही."

"दार उत्तम आहे. घट्ट आहे."

"तेच सांगतेय मी!" माझा आवाज चढला. मग मी सगळंच सांगून टाकलं. बोटं, टब, फ्रीज, शेजारीण.

काकांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "माझ्या ताईच्या हातांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला सायकल शिकवली ती तिने. मागून सीट धरून पळायची. हात असे, की मी कधी पडलो नाही." मग बराच वेळ फडक्याने बोटं पुसत राहिले. "असं असेल तर मग भाचा म्हणतो तेच बरोबर. जाऊ दे तिला. तिथे सगळं हातात मिळेल."

माझा पारा चढला. "एक दार उघडत नाही म्हणून माणसाला घराबाहेर काढता? दार बदला की! तीस वर्षं लोकांच्या मशीनींची दारं बदलताय आणि बहिणीची वेळ आली तर बहीणच बदलायला निघालात?"

"बाई, तुम्ही तुमच्या दुकानात जा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी गेले. वाटेत रडूही आलं. मावशींनी विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर फोडलं होतं, आणि त्यांच्या बाजूचा एकुलता एक माणूस मीच पलीकडे ढकलला होता. दिवसभर मी गिऱ्हाइकांशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून दिवे लावत होते तर बाहेर कुणीतरी काचेवर कोपराने ठोठावत होतं. बघते तर घट्टकाका. दोन्ही हातांच्या बोटांना वायरींवर गुंडाळायची काळी चिकटपट्टी. दोन-दोन बोटं एकत्र बांधलेली, अंगठे तळव्याला चिकटवलेले.

"दार उघडा," ते काचेतून मला दिसेल असं तोंड करून ओरडले. "तुमच्या दुकानाची मूठ गोल आहे. मला फिरवता येत नाही."

मी दार उघडलं. "हे बांधलं कुणी?"

"एक हात मी बांधला. दुसरा शेजारच्या शिंप्याने. तो विचारत होता डोकं ठिकाणावर आहे ना." आणि ते थेट त्या दणकट मशीनकडे गेले, मावशींसाठी घेतलेल्या मशीनच्या जुळ्या बहिणीकडे. खाचेत बोटं घातली. ओढलं. पुन्हा ओढलं. पाय लावून ओढलं. दार हललं नाही. चेहरा लालबुंद झाला. दुसरी मशीन. तिसरी. वरून कपडे टाकायच्या मशीनचं झाकण कसंबसं उघडलं, पण तळाशी मी टाकलेला ओला टॉवेल त्यांना वर काढता येईना. तोवर दुकानात माणसं आली होती. हा काय तमाशा म्हणून काही जण हसत होते. काकांना त्याचं काही नव्हतं.

अकरा मशीनी झाल्यावर ते स्टुलावर बसले. मी चहा दिला. कप कानाने धरता येईना. दोन्ही तळव्यांत दाबून त्यांनी तो तोंडाला लावला, थोडा शर्टावर सांडला, आणि तसाच कप धरून बसले. डोळे भरून आले होते.

"ताई असा चहा पीत असणार," ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा मी तिच्याकडे जातो. समोर बसून पितो. कधी बघितलं नाही हो मी."

मी फक्त कप घेतला आणि म्हटलं, "अजून तीन राहिल्यात."

कोपऱ्यात एक मशीन होती. दोन वर्षं मी ती विकायचा प्रयत्न करत होते आणि दोन वर्षं घट्टकाका तिचं गिऱ्हाईक पळवून लावत होते. तिला ओढायचं काही नव्हतंच. दाराच्या कडेवर नुसतं दाबलं की आतली कळ सुटायची आणि दार आपोआप पुढे यायचं. बटणंही दाबायचीच, फिरवायचं काही नाही. "हिची कळ दोन वर्षांत जाणार," हे त्यांचं ठरलेलं मत. आता त्यांनी हाताची उलटी बाजू दारावर टेकवली. टक्. दार उघडलं. लावलं. कोपराने दाबलं. टक्. गुडघ्याने दाबलं. टक्. आठ-दहा वेळा तेच.

"सैल आहे," काका म्हणाले. "हीच द्या."

"आणि कळ गेली की?"

"गेली की मी बसवीन. तीन कळा आजच आणून ठेवतो. दुरुस्त होणारी वस्तू मला चालते. न उघडणारी वस्तू कितीही टिकली तरी कुणाच्या कामाची?" मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "किती म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी दणकट दारं बसवून आलोय! सगळीकडे जाऊन बघितलं पाहिजे."

फ्रीजही बदलला. खाचेऐवजी उभी लांब मूठ असलेला शोधला, त्या मुठीत त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत हात घातला आणि नुसतं मागे रेलले. अंगाच्या भाराने दार आलं. कागदाची पट्टी त्यांनी सवयीने लावून बघितलीच, पण या वेळी चेहऱ्यावरून कळलं नाही काय निकाल लागला.

दुकानाच्या मालकांना मी पावडरीची कोरी पुडी दाखवली. मशीन वापरलेलीच नाही आणि फ्रीज तीन आठवड्यांचा, म्हणून ते कुरकुर करत परत घ्यायला तयार झाले. "आधी हा माणूस विकू देत नव्हता, आता विकलेलं परत आणतो," असं म्हणाले, पण टेम्पो दिला. काकांनी घरी पाइप जोडून मशीनखाली लोखंडी चौकट करून दिली, म्हणजे वाकायला नको. मावशी आधी माझ्यावर डोळे वटारून बघत राहिल्या. मग त्यांनी दारावर मनगट टेकवलं, टक् झालं, आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

पंधरा तारखेला काका सकाळी दुकानात आले आणि माझ्या खुर्चीत बसले. "तुम्ही तिकडे जा. नव्या मशीनची माहिती द्यायला आलेय म्हणून सांगा. मी तिथे नसलेलं बरं. ती दाराकडे वळली की माझाच हात आधी जाईल." त्या दिवशी त्यांनी माझी दोन गिऱ्हाइकं घालवली, हे मला नंतर कळलं.

मुलगा उंच होता, दमलेला आणि वागायला चांगला. मी मनात त्याला खलनायक करून ठेवलं होतं, ते लगेच सोडून द्यावं लागलं. आईकडे तो असं बघत होता की तिच्या हातून काही पडायच्या आधीच ते झेलावं. कोपऱ्यात त्याने आणलेली मोठी रिकामी बॅग होती. ती कशासाठी, हे कुणी बोलत नव्हतं.

मावशींनी फ्रीजच्या मुठीत हात घातला आणि रेलल्या. दूध निघालं. मुलगा अर्धवट उठला होता, तो बसला. मग त्यांनी त्याच्या प्रवासी पिशवीतले मळलेले शर्ट कोपराने टोपलीत लोटले आणि टोपली पोटाशी धरून मशीनपाशी गेल्या. मनगटाने दार उघडलं, शर्ट आत सारले, दार लावलं. ते लागलं नाही. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. मुलगा उठून पुढे आला. "आई, बाजूला हो, मी लावतो."

"तू बस," मावशी म्हणाल्या, आणि वळून कमरेने दाराला असा एक धक्का दिला की ते खट्दिशी बसलं. पोराकडे बघून म्हणाल्या, "नाचाचा वर्ग सोडून पन्नास वर्षं झाली मला." मला हसू आवरेना. मुलालाही.

मशीनमध्ये पाणी भरू लागलं. तो तिच्यासमोर उभा राहून आत फिरणारे आपले शर्ट बघत होता. मग म्हणाला, "आणि बिघडली तर?"

"बिघडली तर तुझा मामा आहे. मी बिघडले तर तू आहेस. तू येशील, हे मला माहीत आहे रे. सध्या मशीनची पाळी असू दे."

आईचे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत घेतले, वाकडी बोटं एकेक करून बघितली, दुखेल म्हणून न दाबता. पहिल्यांदाच बघत असावा. मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण मलाही नाक ओढावं लागत होतं.

शर्ट वाळले तसे मावशींनी तळहातांनी दाबून दाबून त्यांच्या घड्या केल्या. फार नीट नव्हत्या घड्या. दुसऱ्या दिवशी निघताना, असं मावशींनीच मला सांगितलं, त्याने ते चार शर्ट त्या मोठ्या बॅगेत ठेवले. एवढ्या बॅगेत चारच शर्ट, ते इकडून तिकडे घरंगळत होते. दारात तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतो मी."

"ये," मावशी म्हणाल्या. "आणि येताना बॅग भरून मळके कपडे आण."